थोड्या पाण्यावरची फुलझाडे : दोन गुंठ्यांतला जोडधंदा

फुलांचा धंदा आपल्या समाजाला नवा नाही. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत चौकातल्या फुलांच्या टपरीवर आपलाच फुलारी बसलेला दिसतो. लग्नाचा सेहरा, दर्ग्यावरची फुलांची चादर, देवळासमोरचे हार, पुढाऱ्यांच्या सत्काराचे गुच्छ हे सारे त्याच्या हातून जाते. पण ओवणारा हात आपला असला तरी फूल मात्र बाहेरगावचे असते. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातून किंवा जवळच्या मोठ्या बाजारातून पहाटेच्या गाडीने माल येतो, त्यावर अडत, हमाली, भाडे चढते आणि उन्हाळ्यात निम्मा माल गोणीतच कोमेजतो. ऐन लग्नसराईत भाव असा चढतो की ओवणाऱ्याच्या पदरात फक्त मजुरी उरते.

मग फुले आपणच का लावू नयेत? या प्रश्नाला कोरडवाहू भागातला प्रत्येक माणूस एकच उत्तर देतो : "पाणी कुठे आहे?" या उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरते उत्तर नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही स्वतः जे केले, जे बिघडवले आणि जे शिकलो, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

दुष्काळातले पहिले शहाणपण

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, तालुक्याचे ठिकाण. सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. घरामागे वडिलोपार्जित दोन गुंठे मोकळी जागा आहे. माती हातभर खोल, खाली मुरूम. दिवसभर ऊन, सावलीला भिंतीशिवाय काही नाही. आमच्या मामेभावाची गावात फुलांची टपरी आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही २०१५ च्या पावसाळ्यात तिथे गुलाब लावला. एका रोपवाटिकेतून शंभर कलमे आणली, खत घातले, रोज संध्याकाळी झारीने पाणी दिले. दिवाळीपर्यंत झाडे हिरवीगार होती. जानेवारीत विहीर आटली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत आठवड्याने टँकर येत होता. प्यायच्या पाण्याची मारामार असताना गुलाबाला कोण घालणार? शंभरपैकी चार झाडे उरली. मामेभावाने टपरीच्या गल्ल्यातून घातलेली रक्कमही त्यांच्याबरोबर वाळून गेली. तो म्हणाला, "भाईजान, बाग हे पाणीवाल्यांचे काम. आपण विकत आणावे आणि विकावे."

आम्हालाही तेच पटले होते. पण त्याच उन्हाळ्यात सोलापूरला जाता-येता महामार्गाच्या मधल्या दुभाजकाकडे लक्ष गेले. दोन्ही बाजूंनी तापलेले डांबर, गाड्यांचा धूर, पाणी केव्हातरी टँकरने मिळेल तेवढेच. आणि तरीही कण्हेर आणि बोगनवेल फुलांनी लगडलेली. स्मशानाजवळचा पांढरा चाफा पानगळ होऊन उभा होता, पण फांदीच्या टोकाला फूल होते. मेंदीचे कुंपण ताजे होते. तेव्हा लक्षात आले की आमची चूक पाण्यात नव्हती, झाडाच्या निवडीत होती. आम्ही आधी झाड ठरवले आणि मग त्याच्यासाठी पाणी शोधत बसलो. खरे तर आधी जागा पाहायची आणि मग त्या जागेला मानवेल ते झाड शोधायचे.

हा विचार आम्हीच पहिल्यांदा केला असे नाही. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात बेथ चॅटो नावाच्या बागवान बाईंनी १९९१-९२ च्या सुमारास मोटारी उभ्या करण्याच्या जुन्या खडकाळ जागेवर बाग केली. तिथला पाऊसही वर्षाला ५०० मिलिमीटरच्या घरात. लागवडीच्या वेळी पाणी दिले, वर खडीचा थर पसरला आणि पुढे त्या बागेला पाणी द्यायचे नाही असे ठरवले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, पण बाग आजही उभी आहे. अर्थात त्यांचा पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो आणि ऊन सौम्य असते. आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि मे महिन्यात जमीन पोळते. म्हणून त्यांची लव्हेंडरसारखी झाडे पाहून कोणी रोपे मागवू नयेत. त्यांच्याकडून घ्यायची ती रीत, झाडे आपल्या मातीतलीच हवीत.

कोणती झाडे टिकतात

आपल्याला हवीत ती बहुवर्षायू झाडे, म्हणजे एकदा लावली की काही वर्षे जागेवर राहणारी. हंगामी झेंडू दर वेळी नवे बी, नवी मशागत आणि उगवणीला नेमाने पाणी मागतो. बहुवर्षायू झाडाचे मूळ एकदा खोल गेले की ते स्वतःची सोय बरीचशी स्वतः करते. आमच्या अनुभवात उतरलेली झाडे पुढीलप्रमाणे.

मोगरा : टपरीसाठी सर्वांत उपयोगी. चार-चार फुटांवर लावला तर एका गुंठ्यात सुमारे ७० झाडे बसतात. दाब कलमाची किंवा छाटाची रोपे घ्यावीत. पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नये, दुसऱ्या वर्षी थोडी आणि तिसऱ्या वर्षापासून भरवशाची फुले मिळतात. मोगऱ्याचा मोठा गुण असा की त्याला पाण्याचा ताण लागतोच. थंडीत काही आठवडे पाणी तोडायचे, मग छाटणी करून, आळी खणून, शेणखत घालून पाणी सुरू करायचे. म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून कळी धरते आणि बहर नेमका लग्नसराईत येतो. मात्र बहराच्या काळात पाणी चुकवून चालत नाही.

निशिगंध : याचे कंद लावतात. एकेरी फुलाची जात सुट्या फुलांसाठी आणि वासासाठी चांगली. दुहेरी जात दांड्यांसाठी. एक वीत अंतरावर कंद लावला की सुमारे चार महिन्यांत दांडे येऊ लागतात आणि तीन वर्षे पीक ठेवता येते. पाणी मिळाले तर तो भरपूर फुलतो. अगदीच पाणी तुटले तर पात वाळते, पण कंद जमिनीखाली जिवंत राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो. तीन वर्षांनी कंद काढले की एकाचे अनेक झालेले असतात. तेही विकता येतात.

गिलाड, म्हणजे गॅलार्डिया : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागात याची लागवड जुनी आहे. हलकी जमीन आणि कडक ऊन याला मानवते. बाजारातला गिलाड वर्ष-दीड वर्षाने दमतो, हे आधीच सांगितलेले बरे. पण त्याचे बी जागेवर पडून पुन्हा उगवते, त्यामुळे नवी रोपे विकत घ्यावी लागत नाहीत. हाराला रंग आणि वजन देणारे हे फूल आहे. पाणी जास्त झाले तर मात्र मूळ कुजते.

पांढरा चाफा : फांदी तोडून चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी, मग लावावी. ओली फांदी लगेच लावली तर कुजते. दोन-तीन वर्षांनंतर झाड जवळजवळ पावसावरच राहते.

कुंपणाला मेंदी आणि कण्हेर : मेंदीची पाने तर विकली जातातच. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातील सोजतची मेंदी पावसाच्या पाण्यावरच पिकते आणि २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मेंदीच्या बारीक फुलांना गोड वास असतो, कनौजचे अत्तरवाले त्यापासून गुलहिना काढतात. चार झुडपांवर अत्तर निघत नाही, तेव्हा तो हिशेब कोणी मांडू नये. पण मेंदीच्या फुलांचा तुरा सेहऱ्यात घातला तर गिऱ्हाईक विचारून नेते. कण्हेर सदा फुलते, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मुले किंवा शेळ्या असतील तर कण्हेर आणि पिवळी बिट्टी लावूच नये.

गुलाब, अबोली, जरबेरा ही फुले वाईट नाहीत; पण ती पाण्याची, सावलीची किंवा हरितगृहाची आहेत. कोरड्या उन्हाच्या जागेत त्यांच्या नादी लागू नये.

लागवड आणि पहिले वर्ष

आम्ही पुन्हा लागवड केली ती जून २०१७ मध्ये. या वेळी तयारी मे महिन्यातच केली. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे खणून पंधरा दिवस उन्हात तापू दिले. मग वरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून खड्डे भरले. दोन चांगले पाऊस झाल्यावरच रोपे लावली. निशिगंध आणि गिलाडासाठी जमिनीपासून वीतभर उंच वाफे केले. थोड्या पाण्यावर जगणारे झाड तुंबलेल्या पाण्यात मात्र लवकर मरते, ही गोष्ट बरेचजण विसरतात. ज्यांची जमीन काळी आणि भारी आहे त्यांनी पाण्याच्या निचऱ्याची काळजी दुप्पट घ्यावी.

रासायनिक खत आम्ही घातले नाही. युरियाने झाड माजते, पाने मऊ आणि मोठी होतात, आणि अशा झाडाला पाणी जास्त लागते. वर्षातून दोनदा शेणखत पुरते.

पाणी देण्याची रीत सर्वांत महत्त्वाची. रोज संध्याकाळी झारी फिरवणे ही आमची गुलाबाच्या वेळची चूक होती. रोजच्या थोड्या पाण्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे तिथेच पसरतात आणि एक दिवस पाणी चुकले की झाड माना टाकते. याउलट चार-पाच दिवसांनी एकदाच, पण खोल जाईल असे पाणी दिले तर मूळ पाण्यामागे खाली जाते. पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही मोगऱ्याच्या प्रत्येक झाडाला चौथ्या दिवशी पाच लिटर पाणी दिले. सत्तर झाडांना ३५० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पावणेदोन ड्रम. दुसऱ्या वर्षी अंतर आठ दिवसांवर नेले आणि पाणी दहा लिटर केले. पहिल्या वर्षाचे हे पाणी म्हणजे या धंद्याचे भांडवल समजावे. तेवढी सोय नसेल तर दोन गुंठ्यांऐवजी वीस झाडे लावावीत, पण लावलेली जगवावीत.

पाणी वाचवण्याचे दोन उपाय स्वस्तात झाले. पहिला आच्छादनाचा. उसाचे पाचट, गव्हाचा भुसा, वाळलेली पाने जे मिळेल ते झाडाभोवती चार बोटे जाड पसरायचे, फक्त खोडाला चिकटू द्यायचे नाही. दुसरा मडक्याचा. दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत मडके पुरून त्यात पाणी भरायचे. मातीच्या छिद्रांतून ते लागेल तसे झिरपते. मडके बिनरोगणाचे, कच्चे नव्हे तर नीट भाजलेले हवे. तोंडावर झाकण हवे, नाहीतर डास होतात. पाणी खारे असेल तर छिद्रे लवकर बुजतात. गावातल्या कुंभाराने आम्हाला सांगून केलेली मडकी दिली. त्याच्याकडे आता इतर लोकही तशी मडकी मागू लागले आहेत, म्हणजे एका कारागिराच्या धंद्याला दुसऱ्याचा हात लागला.

वजूचे पाणी

आता आमच्या मुख्य सोयीबद्दल. आमच्या भिंतीला लागूनच गल्लीतली मशीद आहे. वजूखान्याचे पाणी वर्षानुवर्षे गटारात जात होते. त्या पाण्यात साबण नसतो, तेल नसते. झाडांना त्यापेक्षा चांगले सांडपाणी कोणते? मशिदीच्या विश्वस्तांना आम्ही विचारले. त्यांनी दोन गोष्टी घातल्या : पाइप आमच्या खर्चाने टाकायचा आणि मशिदीच्या अंगणातली झाडेही आम्हीच सांभाळायची. दोन्ही मान्य केल्या. गल्लीतल्या एका वेल्डिंगवाल्या तरुणाने ड्रम ठेवायला लोखंडी घडवंची करून दिली आणि मध्ये जाळी बसवली. पाच वेळचे मिळून दिवसाला दोन ड्रम पाणी सहज जमते. टंचाईच्या दिवसांत ते निम्म्यावर येते, तरी मोगऱ्याचे भागते. घरातले अंघोळीचे पाणी आम्ही कुंपणाच्या झाडांना सोडतो.

प्रत्येकाच्या शेजारी मशीद असेलच असे नाही. पण जिथे आहे तिथे हे पाणी वाया जाऊ देणे आपल्याला शोभत नाही. विश्वस्त मंडळांनी आपल्या मोकळ्या जागेतही अशी झाडे लावायला हरकत नसावी.

धंद्याचा हिशेब

आता खरा प्रश्न, यातून मिळते काय? वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो की दोन गुंठ्यांवर घर चालत नाही. आमच्याकडे एक गुंठा मोगरा, अर्धा गुंठा निशिगंध आणि अर्धा गुंठा गिलाड आहे. भर बहरात मोगऱ्याची दिवसाला एक ते दीड किलो कळी निघते. निशिगंध आणि गिलाडाचे आठवड्याला दोन तोडे होतात. हा माल कोणत्याही मोठ्या बाजारात नेण्याजोगा नाही, गाडीभाड्यातच संपेल. पण ज्याची स्वतःची टपरी आहे त्याच्यासाठी याची किंमत वेगळी आहे. बाजारात कळीचा भाव दुप्पट होतो त्याच दिवशी त्याच्या घरची कळी निघते. शिवाय ती ताजी असते. मामेभाऊ फजरनंतर, ऊन चढायच्या आत कळ्या तोडतो, ओल्या फडक्यात गुंडाळून बांबूच्या टोपलीत ठेवतो आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या गळ्यात ती उमलते. गुलटेकडीची कळी त्याच वेळी तांबूस पडू लागलेली असते. प्लॅस्टिकच्या हारांनी या धंद्याचा बराच भाग खाल्ला आहे हे खरे, पण प्लॅस्टिकला वास नाही. जिथे वासाचे फूल हवे तिथे गिऱ्हाईक अजून येते.

आणखी एक हिशेब आहे, तो वाईट वर्षांचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुका होता. त्या उन्हाळ्यात गिलाड गेला, निशिगंधाची पात वाळली. मोगरा मात्र ड्रमच्या पाण्यावर उभा राहिला आणि पावसाबरोबर निशिगंधही परत फुटला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा बहर नुकताच लागला होता. लग्ने थांबली, मशिदी, मंदिरे, दर्गे सारे बंद झाले, टपरीला कुलूप लागले. राज्यभर फुलवाल्यांनी माल फेकून दिला, आमच्याही कळ्या झाडावरच उमलून गळाल्या. मामेभावाचे डोळे भरून आले, पण आम्ही त्याला म्हणालो, "कळी गेली, झाड गेलेले नाही." पाणी कमी केले, झाडांना विश्रांती दिली. पुढच्या वर्षी नवे बी, नवी रोपे, नवे कर्ज यांपैकी काहीही लागले नाही. २०२३ साली पुन्हा पावसाने ओढ दिली आणि सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हाही आमचा तालुका त्या यादीत होता. त्या वर्षी आम्ही घाबरलो नाही. मोगऱ्याला मडक्याने पाणी दिले आणि बाकीच्यांना पावसावर सोडले.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

ज्या बंधूंना हे करून पाहायचे आहे त्यांनी पहिल्या वर्षी मोठी उडी मारू नये. आधी आपल्या गावातले गिऱ्हाईक कोणते फूल मागते ते पाहावे. मग गावाच्या वेशीवर, महामार्गावर, कब्रस्तानात, जुन्या वाड्यांच्या पडक्या अंगणात कोणती झाडे कोणी न पाहताही फुलतात ते पाहावे. या दोन याद्यांत जे झाड दोन्हीकडे सापडेल ते लावावे. रोपे उधारीवर आणू नयेत. एखाद्याच्या मोगऱ्याची छाटणी चालू असेल तर छाट मागून आणावेत, ते फुकट मिळतात. महिला घरबसल्या रोपे तयार करून कुंडीत विकू शकतात. आमच्या घरात हे काम आमच्या भावजयीने स्वतःच्या हाती घेतले आहे आणि त्याचे पैसे तिच्याच डब्यात जातात.

मामेभावाने गेल्या रमजान ईदनंतरच्या लग्नसराईत एका सेहऱ्यासाठी सारी कळी घरची वापरली. सेहरा न्यायला आलेल्या मुलाकडच्यांनी विचारले, पुण्याचा माल का? त्याने घरामागच्या भिंतीकडे हात केला. ते गृहस्थ आत येऊन झाडे पाहून गेले आणि जाताना दहा-बारा छाट मागून घेऊन गेले. येत्या जूनमध्ये ते आपल्या घरामागे मोगरा लावणार आहेत.